दुसऱ्या रांगेतले सूर

या पुस्तकात ज्या संगीतकारांविषयी लिहिले आहे, त्यांतले बहुतेक थोर नव्हते. हे आधीच सांगून टाकलेले बरे. विस्मरणात गेलेल्या कलावंताबद्दल कोणी लिहायला बसला की तो हटकून ‘उपेक्षित प्रतिभावंत’ हा शब्द काढतो. मग वाचक बिचारा बेथोवनच्या तोडीचे काही कानावर पडेल म्हणून वाट पाहत राहतो आणि शेवटी हिरमुसतो. मोश्कोव्स्की बेथोवनच्या तोडीचा नव्हे. शार्वेन्काही नव्हे. ही मंडळी दुसऱ्या रांगेतली. पण नाटक कंपनी एकट्या बालगंधर्वांवर चालत नसे. दुसऱ्या रांगेतले नट जितके कसलेले, तितका पहिल्या रांगेतला उठून दिसे. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय संगीताचेही तसेच आहे. शोपँ आणि लिस्ट कोणत्या हवेत वाढले हे कळायला ती हवा ऐकावी लागते, आणि ऐकायची तर ती कोणीतरी वाजवलेली असावी लागते.

ती वाजवून घेण्याचा आणि तबकडीवर उतरवण्याचा उद्योग ज्या थोड्या लोकांनी चिकाटीने केला, त्यांत लंडनच्या हायपेरियन रेकॉर्ड्सचे नाव मी पहिले घेतो. एकटे मात्र नव्हे. इंग्लंडमध्ये लिरिटा, स्वीडनमध्ये बिस, हाँगकाँगमधून निघालेले मार्को पोलो अशा छोट्या कंपन्यांनी आपापल्या परीने हेच काम केले. मार्को पोलोचा तर सारा संसारच कोणी न वाजवलेल्या कृतींवर उभा होता. तरीही माझा पक्षपात हायपेरियनकडे आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

कंपनी १९८० साली टेड पेरी नावाच्या गृहस्थाने काढली. हा माणूस ना संगीतशास्त्राचा पंडित, ना सावकार. रेकॉर्डच्या दुकानांत नोकरी केलेली, रेकॉर्ड कंपन्यांत उमेदवारी केलेली, एका छोट्या कंपनीत भागीदारीही करून पाहिलेली. स्वतःची कंपनी उभी राहीपर्यंत पोटासाठी आणि भांडवलासाठी तो मिनीकॅब चालवत असे, त्याआधी आइस्क्रीमची गाडीही चालवून झाली होती. ही कथा इंग्रजी वर्तमानपत्रांनी इतक्यांदा सांगितली आहे की तिचा गुळगुळीत दगड झाला आहे. मला त्यातले एवढेच महत्त्वाचे वाटते, की पेरींच्या कानाला दुकानाच्या काउंटरची सवय होती. गिऱ्हाईक काय मागते हे त्यांना ठाऊक होते, आणि मागायचे त्याला सुचतच नाही असे काय असते, हेही.

कंपनीची पहिलीच तबकडी पाहा. जेराल्ड फिन्झी आणि चार्ल्स स्टॅनफर्ड यांचे क्लॅरिनेट कॉन्चेर्टो, वादक थिया किंग. कॉन्चेर्टो म्हणजे एक वाद्य पुढे आणि सारा वाद्यवृंद मागे, अशी रचना. नव्या दुकानदाराने पहिल्या दिवशी साखर, तेल मांडावे. ह्याने कोकम आणि त्रिफळ मांडले.

खरी गंमत झाली ती पुढच्याच वर्षी. सप्टेंबर १९८१मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड भागातल्या सेंट ज्यूड चर्चमध्ये काही गायक जमले. क्रिस्टोफर पेज हे मध्ययुगीन साहित्य आणि संगीताचे अभ्यासक, त्यांचा गॉथिक व्हॉइसेस हा संच, आणि त्यात एमा कर्कबी ही तेव्हा नावारूपाला येत असलेली गायिका. गायचे होते ते बाराव्या शतकातल्या हिल्डेगार्ड ऑफ बिंगेन या जर्मन मठाधिपतीण बाईचे संगीत. बाई १०९८ साली जन्मल्या, ११७९ साली गेल्या. अध्यात्म, वैद्यक, वनस्पती अशा नाना विषयांवर त्यांनी लिहिले, पदे रचली आणि त्यांना चालीही लावल्या. त्यांच्या पदांचे हस्तलिखित शेकडो वर्षे सुखरूप होते. अभ्यासकांना ते ठाऊक होते, सामान्य श्रोत्याला नव्हते. ‘अ फेदर ऑन द ब्रेथ ऑफ गॉड’ या नावाने ती तबकडी निघाली आणि विकली गेली, विकलीच जात राहिली. पुढे नाचाचे इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या तरुणांनीही तिच्यातले तुकडे उचलून आपल्या गाण्यांत बसवले. ऑर्बिटल या जोडगोळीच्या ‘बेलफास्ट’मध्ये याच तबकडीतला आवाज आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या मठातली बाई डिस्कोत जाऊन पोहोचली.

मराठी श्रोत्याला ही तबकडी परकी वाटत नाही, असा माझा अनुभव आहे. घरी मित्रमंडळींना ऐकवली तेव्हा हार्मनीच्या गर्दीला बिचकणारे लोकही शांत बसून होते. एकच सुरावट आणि तिच्याखाली कधी कधी धरून ठेवलेला आधारस्वर. तानपुऱ्याच्या सावलीत वाढलेल्या कानाला आणखी काय हवे? पेरींच्या दृष्टीने या यशाचा हिशेब साधा होता. गायक मोजके, वाद्यवृंद नाही, जागा चर्चची. खर्च थोडा आणि मिळकत अनपेक्षित. ती मिळकत इतर न विकल्या जाणाऱ्या तबकड्यांच्या पाठीशी उभी राहिली.

इथे थोडे थांबून ‘दुर्मीळ’ या शब्दाकडे पाहायला हवे. आपल्याकडे आपण ‘अनवट राग’ म्हणतो. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकाने एखादा अनवट राग काढला की मैफलीत माना वळतात, कोणीतरी हळूच शेजाऱ्याला रागाचे नाव विचारतो. आपल्या अनवटपणात गुरुमुखाचा, राखून ठेवलेल्या विद्येचा भाग मोठा. अल्लादियाखाँसाहेबांसारख्या डोंगराएवढ्या गायकाचे ध्वनिमुद्रणच नाही, त्यामुळे त्यांचे गाणे कसे होते हे शिष्यांच्या गाण्यावरून ताडायचे. म्हणजे आपल्याकडे गळा गेला की चीज गेली. युरोपात उलटे. तिथे कागद राहतो, छापील स्वरलिपी ग्रंथालयाच्या फळीवर शंभर वर्षे धूळ खात पडून राहते, पण गळा मिळत नाही. तिथले दुर्मीळ संगीत हरवलेले नसतेच. त्याला कोणी हात लावत नाही, इतकेच.

का लावत नाही, याची कारणे कलेपेक्षा व्यवहारात जास्त सापडतात. पियानोचा विसरलेला कॉन्चेर्टो घ्या. तो वाजवायला साठ-सत्तर वादक लागतात. प्रत्येकासमोर त्याच्या वाद्याची सुटी प्रत हवी. छापलेल्या प्रती नष्ट झाल्या असतील तर पूर्ण स्वरलिपीवरून त्या नव्याने उतरवायच्या, त्यांतल्या शंभर वर्षांच्या चुका काढायच्या. पियानोवादकाने पाऊण तासाचा अवघड मजकूर महिनोन्‌महिने बसून हातात चढवायचा, आणि पुढे आयुष्यात तो पुन्हा वाजवण्याचे बोलावणे बहुधा येणार नाही हे माहीत असूनही चढवायचा. वाद्यवृंदाला तर तालमीला वेळच नसतो. तीन-तीन तासांच्या मोजक्या बैठकांत सगळे उरकावे लागते. एवढा खटाटोप करून कार्यक्रमाच्या पत्रिकेवर अनोळखी नाव छापले की तिकीट खपत नाही. मग व्यवस्थापक म्हणतो, चायकोव्हस्कीच लावा.

हायपेरियनने १९९१मध्ये ‘रोमँटिक पियानो कॉन्चेर्टो’ ही मालिका सुरू केली ती या सगळ्याला न जुमानता. पहिल्या खंडात मोश्कोव्स्की आणि पादेरेव्स्की, वादक पिअर्स लेन, साथीला ग्लासगोचा बीबीसी स्कॉटिश सिंफनी ऑर्केस्ट्रा. पादेरेव्स्की म्हणजे पुढे १९१९मध्ये पोलंडचे पंतप्रधान झाले तेच. मोश्कोव्स्की हयातीत अफाट लोकप्रिय होते आणि १९२५ साली पॅरिसमध्ये कफल्लक अवस्थेत वारले. ही मालिका वाढत वाढत ऐंशी खंडांच्या पुढे गेली. अकराव्या खंडात स्टीफन हफ यांनी एमिल फॉन साउअर आणि शार्वेन्का वाजवले. ‘ग्रामोफोन’ मासिकाने १९९६ साली वर्षातली सर्वोत्तम तबकडी म्हणून तिचीच निवड केली. साउअर आणि शार्वेन्का! त्या वर्षी निघालेल्या बाख-बेथोवनच्या तबकड्यांना मागे सारून.

माझा पक्षपात इथे आहे. अपरिचित कृतीला बहुधा एकदाच पाळी मिळते. परिचित कृतीचे वाईट वादन झाले तर श्रोता म्हणतो, आज वादक रंगला नाही. अपरिचित कृतीचे वाईट वादन झाले तर तो म्हणतो, बरे झाले विसरले ते. दोष वादकाचा आणि फाशी संगीतकाराला. कित्येक कंपन्यांनी मोठ्या उत्साहाने विस्मृत कृती उचलल्या आणि अर्धवट तालमीच्या, कोरड्या वादनाने त्या दुसऱ्यांदा पुरल्या. ते माझ्या मते न वाजवण्याहून वाईट. हायपेरियनने दुसऱ्या रांगेतल्या संगीताला पहिल्या रांगेतले वादक दिले. हफ, मार्क-आंद्रे हॅमलँ, देमिदेन्को ही माणसे कुठेही रॅखमॅनिनॉव्ह वाजवू शकली असती. सगळ्याच खंडांत हे साधले असे मी म्हणणार नाही. काही कॉन्चेर्टो कितीही झटून वाजवले तरी तिसऱ्या भागात दम तोडतात. पण तेव्हा निदान दोष कोणाचा हे स्वच्छ कळते.

याच मालिकेचा दुसरा खंड आपल्याला वेगळ्या कारणाने जवळचा आहे. त्यात निकोलाय मेटनर यांचे दुसरा आणि तिसरा असे दोन कॉन्चेर्टो देमिदेन्को यांनी वाजवले आहेत, आणि त्यांतला तिसरा अर्पण केला आहे म्हैसूरच्या महाराजांना. मेटनर मॉस्कोचे, १८८० सालचे, रॅखमॅनिनॉव्हचे मित्र. क्रांतीनंतर देश सोडून शेवटी लंडनला स्थायिक झालेले. दुसरे महायुद्ध पेटले आणि जर्मन प्रकाशकांकडून येणारे पैसे थांबले, प्रकृतीही ढासळली. युद्ध संपल्यावर दूर म्हैसूरहून मदतीचा हात पुढे आला. जयचामराजेंद्र वाडियार तेव्हा विशीच्या अखेरीस होते. पियानो शिकलेले, एके काळी मैफलीचा पियानोवादक होण्याचे स्वप्न पाहिलेले. वडील आणि काका पाठोपाठ गेले, गादी अंगावर पडली आणि पियानो घरातच राहिला. त्यांनी मेटनर सोसायटी स्थापून तिचा खर्च उचलला, आणि हिज मास्टर्स व्हॉइसने तीन कॉन्चेर्टो, सोनाटा, गीते असे बरेच मेटनर ध्वनिमुद्रित केले. पियानोवर स्वतः म्हातारे, आजारी मेटनर. १९५१ साली ते गेले. आज त्यांचे स्वतःचे वादन आपण ऐकू शकतो ते म्हैसूरच्या तिजोरीमुळे. रिचर्ड स्ट्राउसची शेवटची चार गीते १९५० साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रथम गायली गेली, त्या मैफलीच्या खर्चाची हमीही याच महाराजांची. आणि हे गृहस्थ स्वतः कर्नाटक संगीतात कृती रचत होते, थोड्याथोडक्या नाहीत, ९४.

मला या प्रसंगात राजाश्रयाचे कौतुक नाही. राजे पैसे उधळतातच. कौतुक निवडीचे आहे. हातात पैसा होता, तर हा माणूस कोणत्याही नामांकित वादकाला म्हैसूरला बोलावून घेऊ शकला असता. त्याने मेटनर निवडला, ज्याला लंडनमध्येही फारसे कोणी विचारत नव्हते. टेड पेरींची जात तीच. फक्त तिजोरीऐवजी मिनीकॅब.

कंपनीच्या अवाढव्य प्रकल्पांविषयी थोडक्यात. ऑस्ट्रेलियन पियानोवादक लेस्ली हॉवर्ड यांनी लिस्टचे पियानोसाठीचे सगळे, म्हणजे अक्षरशः सगळे, वाजवले. २०११ साली लिस्टच्या द्विशताब्दीला त्याचा ९९ सीडींचा संच निघाला. ग्रॅहम जॉन्सन यांनी शूबर्टची सहाशेंहून अधिक गीते डझनावारी गायकांना वाटून देऊन ३७ खंडांत बसवली. हॉवर्ड यांचा संच मी पूर्ण ऐकलेला नाही, आणि ऐकला असे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. शूबर्ट मात्र ऐकला, दोनदा. तिथे एकच संगीतकार असूनही पहिल्या आणि दुसऱ्या रांगेतली गाणी शेजारी शेजारी बसलेली सापडतात.

फळीवरच्या सगळ्याच कृती जगाच्या दुर्लक्षामुळे पडून असतात असेही नाही. स्विस संगीतकार फ्रांक मार्तँ यांनी दोन गायकवृंदांसाठी मास, म्हणजे ख्रिस्ती उपासनेचे संगीत, लिहिला तो १९२२ साली, त्याचा शेवटचा भाग १९२६ साली, आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. हा आपला आणि देवाचा खासगी मामला आहे, लोकांनी त्यात नाक खुपसू नये, अशी त्यांची भावना होती. पहिला प्रयोग १९६३ साली झाला. वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलच्या गायकवृंदाने हायपेरियनसाठी तो गायला आणि १९९८ साली पुन्हा ‘ग्रामोफोन’चा वर्षातला सर्वोच्च मान मिळाला. ही कृती मात्र दुसऱ्या रांगेतली नव्हे. ती कोणत्या रांगेत बसवायची हे पुस्तकात त्या प्रकरणापर्यंत पोहोचल्यावर वाचकाने स्वतः ठरवावे.

आता एका कोर्टकज्जाविषयी. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारातले संगीतकार मिशेल-रिशार द ललांद यांच्या रचना लायोनेल सॉकिन्स या संशोधकाने जुन्या हस्तलिखितांवरून आणि छापील प्रतींवरून वादनयोग्य केल्या. कुठे वाद्यांच्या ओळीच नव्हत्या, त्या भरून काढल्या. चुका दुरुस्त केल्या. साथीसाठी खुणा घातल्या. त्या प्रती वापरून हायपेरियनने तबकडी काढली. प्रतींचे भाडे दिले, पण स्वामित्वधन द्यायला नकार दिला. कंपनीचे म्हणणे असे, की ललांद १७२६ साली वारला, संगीत त्याचे आहे, आणि संपादकाचा हेतूच मुळाबरहुकूम प्रत करण्याचा असेल तर त्यात त्याचे स्वतःचे नवे काय? सॉकिन्स कोर्टात गेले. २००४मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, २००५मध्ये अपील न्यायालयानेही तो कायम केला. सुरावट ललांदची खरी, पण वादकांना वाजवता येईल अशी प्रत घडवण्यात संपादकाचे कसब आणि कष्ट आहेत, म्हणून तिच्यावर त्याचा हक्क आहे. नुकसानभरपाई किरकोळ होती. कंपनीला झोपवले ते वकिलांच्या बिलांनी. खर्चाचा आकडा दहा लाख पौंडांच्या घरात जाईल अशी तेव्हा चर्चा होती. नव्या ध्वनिमुद्रणांना कात्री लागली. टेड पेरी हे पाहायला नव्हते. ते २००३च्या फेब्रुवारीत गेले. लढाई मुलाच्या, सायमन पेरींच्या, वाट्याला आली.

या खटल्यात मी हायपेरियनचा चाहता असूनही सॉकिन्स यांच्या बाजूचा आहे. विस्मृत संगीत पुन्हा ऐकू येते तेव्हा टाळ्या वादकाला, नाव कंपनीला, आणि फळीवरची धूळ ज्याच्या नाकात गेली तो माणूस पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आभाराच्या ओळीत. दुसऱ्या रांगेच्याही मागे ही एक तिसरी रांग आहे. ज्या कंपनीचा डोलारा याच लोकांच्या कामावर उभा, तिने निदान या एका बाबतीत हात आखडायला नको होता. पण एका छोट्या कंपनीला इतक्या महाग मार्गाने हे शिकावे लागले, याचे दुःखही होतेच.

हायपेरियन त्यातून वाचली. न खपणाऱ्या तबकड्याही यादीतून न काढण्याची तिची जुनी खोड टिकली. साठा संपला तर मागणीनुसार एकेक प्रत काढून द्यायची सोय तिने केली. पुस्तिका तर इतक्या नेटक्या, की मी काही तबकड्या ऐकण्याआधी वाचून संपवल्या आहेत. स्ट्रीमिंगला मात्र कंपनीने बरीच वर्षे दारात उभे केले नाही. एका ऐकण्यामागे मिळणाऱ्या दमडीत शार्वेन्काचा वाद्यवृंद बसत नाही, हे उघड होते. मार्च २०२३मध्ये कंपनी युनिव्हर्सल म्युझिकने विकत घेतली. त्याच वर्षी जुलैपासून तबकड्या टप्प्याटप्प्याने स्ट्रीमिंगवर येऊ लागल्या. काही जुने श्रोते हळहळले. मीही हळहळलो, आणि त्याच रात्री फोनवर तीन तास ऐकत बसलो. एके काळी मुंबईला गेलो की काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये शिरून हायपेरियनची एखादी सीडी कपाटात मागे कुठे दडली आहे का हे पाहत असे. आता ते दुकानही नाही, आणि सगळ्या सीडी खिशात.

पुढची प्रकरणे क्रमाने वाचायची गरज नाही. एकेक तबकडी, तिच्यामागचा संगीतकार, कृती मागे पडण्याचे कारण, आणि माझे बरेवाईट मत, एवढाच प्रत्येकाचा ऐवज. तांत्रिक शब्द शक्य तिथे टाळले आहेत. कुठून सुरुवात करावी असे कोणी विचारले तर मी हिल्डेगार्डही सांगणार नाही आणि मेटनरही नाही. गुस्ताव्ह होल्स्टची ‘सावित्री’ सांगेन. होल्स्टने संस्कृत शिकून महाभारतातली ही कथा इंग्रजी संगीतिकेत आणली, १९०८ साली. पहिला प्रयोग व्हायला १९१६ उजाडले. ग्रहांवरच्या ‘द प्लॅनेट्स’मुळे होल्स्टचे नाव जगभर झाले आणि ‘सावित्री’ मागे राहिली. पात्रे तीनच: सावित्री, सत्यवान आणि मृत्यू. मूठभर वाद्ये, अर्ध्या तासाचा खेळ. हायपेरियनच्या तबकडीत रिचर्ड हिकॉक्स यांचे संचालन आहे, सावित्री गायली आहे फेलिसिटी पामर यांनी. वटपौर्णिमेची सावित्री डोळ्यांसमोर असेल तर ती थोडी बाजूला ठेवावी लागेल. होल्स्टचा सत्यवान राजपुत्र नाही, लाकूडतोड्या आहे, आणि शेवटी माया ठरतो तो मृत्यूच.

एक सूचना तेवढी ध्यानात असू द्यावी. सुरुवातीला एकही वाद्य वाजत नाही. कुठून तरी दुरून नुसता पुरुषाचा आवाज येतो, सावित्रीला हाक मारीत. नीट ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवायला हात पुढे जाईल. थोडे थांबावे. तो जवळच येतो आहे.